‘ध’च्या पुढचा खड्डा

भावनाला काळजी करायला काही कारण नसलं, की तिला काळजी वाटायला लागते. ‘आज सगळं ठीक कसं काय?’ असं तिच्या मनात येतं, आणि मग ती कारण शोधायला निघते. तिनं बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं, हे यामागचं मूळ दुखणं. इतरांना पाणीपुरी दिसते तिथे तिला पाण्यातली वस्ती दिसते. तिची मुलगी गोपिका एकदा शिंकली की भावना खिडकी लावते. दुसऱ्यांदा शिंकली की थर्मामीटर निघतो. तिसऱ्या शिंकेला तिचा नवरा वैभव ऑफिसात काहीतरी काम आठवून स्कूटर काढतो.

तर अशा या बाईच्या हातात शाळेनं अक्षरमालिका दिल्या.

झालं असं, की पालकसभेत बाईंनी जाहीर केलं, तिसरीच्या मुलांची ‘बुद्धिवर्धिनी’ परीक्षा जानेवारीत होणार आणि तिच्या मार्कांवर चौथीच्या तुकड्या ठरणार. ‘अ’ आणि ‘ब’. बाई हसत म्हणाल्या, ‘‘दोन्ही तुकड्या सारख्याच असतात हो.’’ त्यावर सभेतल्या सगळ्या आया हसल्या आणि त्याच क्षणी प्रत्येकीनं मनात ठरवलं, की आपलं लेकरू ‘ब’मध्ये जाता कामा नये. भावना तर हसलीसुद्धा नाही. बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘‘गोपिका गोड आहे, पण मधूनच कुठेतरी हरवते.’’ ते वाक्य पर्समध्ये घालून ती वर्ध्याच्या नालवाडीला घरी आली.

परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न अक्षरमालिकांचे. म्हणजे क, ग, ङ, छ, झ असं लिहायचं आणि पुढे प्रश्नचिन्ह. मधलं एकेक अक्षर गाळलंय हे आपण ओळखायचं आणि ‘ट’ लिहून मोकळं व्हायचं. वाचायला सोपं आहे. पण ङ आणि ञ ही अक्षरं आपल्या पिढीनं तक्त्यावरच पाहिली. कोणाच्या लग्नपत्रिकेत ती आली नाहीत, की किराण्याच्या पिशवीवर आली नाहीत. भावनानं पहिली मालिका ओढणीखाली बोटं मोजून सोडवली आणि उत्तर आलं ‘ठ’. मागे उत्तरं दिलेली होती. तिनं ते पान गोपिकानं पाहायच्या आधी दुमडून टाकलं.

‘‘पोरगी तिसरीत आहे,’’ वैभव म्हणाला, ‘‘तिला काय हेरखात्यात पाठवायचंय?’’

‘‘तुम्हाला ‘ब’ तुकडी चालेल का?’’

‘‘मी ‘ड’ तुकडीत होतो.’’

‘‘तेच म्हणतेय मी,’’ भावना म्हणाली, आणि तो विषय तिथे संपला.

त्याच सुमाराला तिच्या सासूबाई, भागीरथाबाई, गुडघा दाखवायला पवनारहून आल्या आणि डॉक्टरांनी ‘महिनाभर शेतात जायचं नाही’ म्हटल्यामुळे नालवाडीलाच राहिल्या. पवनारला धाम नदीच्या काठी त्यांचा भाजीपाल्याचा मळा. सासरे नानाजी, म्हणजे गोपिकाचे आबाजी, एकटेच तिथे मेथी-पालक सांभाळत होते आणि दर शनिवारी बसच्या टपावर नाही तर कोणाच्या टेम्पोत भाजी टाकून येत होते. भागीरथाबाईंना मात्र बसून राहण्याची सवय नाही. दोन दिवस त्यांनी भावनाच्या डब्यांची जागा बदलली. तिसऱ्या दिवशी भावनानं हात जोडले.

‘‘आई, तुम्ही गोपिकाजवळ बसता का अभ्यासाला?’’

‘‘बसतो नं. मले येते बाराखडी. साक्षरतेच्या वर्गात शिकली मी, पयला नंबर होता माह्या.’’

आणि खरंच, काय जमली दोघींची! आंगणात खाटेवर आजी तुरीच्या शेंगा सोलायच्या, समोर गोपिका पाय हलवत म्हणायची, ‘‘क, ख, ग, घ...’’ आजी ठेका धरायच्या. आठ दिवसांत पोरगी अशी तयार झाली, की ‘छ’पासून तिसरं अक्षर विचारा, डोळे मिटून सांगायची. भावनाला रात्री नीट झोप लागली. हीच चूक झाली. भावनाला झोप लागली की समजावं, काहीतरी येऊ घातलंय.

कॉलनीत ताराचंद सर राहतात. रिटायर झाल्यावर ते आपल्या व्हरांड्यात बुद्धिमत्तेचा क्लास घेतात, आणि बुद्धिमत्ता कमी पडली तर पेरूच्या झाडाखालीही घेतात. त्यांनी गोपिकाची सराव चाचणी घेतली आणि भावनाला बोलावून चष्मा पुसला. चष्मा पुसणारा मास्तर चांगली बातमी देत नसतो.

‘‘मुलगी हुशार आहे,’’ सर म्हणाले. ‘‘ळ, क्ष, ज्ञपर्यंतचं बरोबर सोडवते. पण मधातच गायब होते.’’

‘‘गायब?’’

‘‘हे पाहा. ट, ड, ण, थ, ध, पुढे काय? साधा ‘प’. तिनं ‘फ’ लिहिला. आणि ङ, ञ, ण, याच्यापुढे तर जागाच कोरी. मी विचारलं, काऊन सोडलं बेटा? तर मान खाली घालून लाजली.’’

‘‘लाजली?’’

‘‘चाळीस वर्षं शिकवलं मी. मुलं रडतात, खोटं बोलतात, पोट दुखते म्हणतात. अक्षरमालिकेले लाजणारी ही पयलीच.’’

भावनानं घरी येऊन मोबाइलवर ‘मूल अक्षरांना लाजते’ असं शोधलं. मोबाइलनं तिला अकरा आजार सांगितले. त्यातले सात गोपिकाला असू शकत होते आणि चार भावनाला स्वतःला.

आता नालवाडीत एखाद्या घरात कुजबुज झाली, तर ती भिंतीच्या आतच राहावी असं काही बांधकाम नाही. शेजारच्या कमलाबाई ताकाचं भांडं परत द्यायला म्हणून आल्या आणि तासभर बसल्या.

‘‘डोळे दाखव तिचे,’’ त्यांनी निकाल दिला. ‘‘माह्या भाच्याले फळाच दिसत नवता. मास्तर त्याले ढ म्हणे. चष्मा लागला तं आता तलाठी हाय.’’

समोरचे बंडूजी पोस्टातून निवृत्त. पोस्टात होते म्हणून असेल, पण प्रत्येक गोष्टीची दिशा त्यांना आधी दिसते. ‘‘पोरीचं टेबल दक्षिणेले तोंड करून हाय वैनी. दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या डोक्यात अक्षर टिकते का?’’

म्हणून टेबल पूर्वेला फिरवलं. पूर्वेला फ्रिज होता. फ्रिज बैठकीत आणला. बैठकीतल्या प्लगला फ्रिजची वायर पुरेना, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आला. त्या वायरला अडखळून वैभव पडला आणि अंगठा सुजवून घेतला. त्याची पावलं वाजेनात, म्हणून मांजरीनं दूध प्यायलं. भिजवलेले बदाम सुरू झाले. डोक्याला ब्राह्मीचं तेल सुरू झालं. गोपिका शाळेत बसली की शेजारची मुलगी नाक धरून सरकायची. अशा रीतीनं एकाग्रतेसाठी लागणारा एकांत तिला आपोआप मिळाला.

आणि अर्थातच डोळ्यांचा डॉक्टर झाला. ही भेट भावनाच्या मानी मनाला फार लागली. समोर मराठी अक्षरांचा तक्ता. गोपिकानं एक डोळा झाकला आणि वरून खाली धडाधड वाचत सुटली. तळातली मुंगीएवढी अक्षरंसुद्धा वाचली. फक्त वरच्या दुसऱ्या ओळीतलं, बैलाच्या डोळ्याएवढं एक अक्षर तिनं सोडलं.

‘‘हे कोणतं, बेटा?’’

गोपिकानं मान खाली घातली.

‘‘दिसत नाही?’’

मान अजून खाली.

डॉक्टरांनी आधी तिच्या डोळ्यात पाहिलं, मग तक्त्याकडे, मग भावनाकडे. ‘‘बारीक दिसतं आणि मोठं दिसत नाही,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘असं साधारणतः नसतं.’’ शास्त्राला उत्तर सापडलं नाही की शास्त्र चष्मा देतं. गुलाबी फ्रेमचा, जवळजवळ बिननंबरचा चष्मा घेऊन दोघी घरी आल्या. गोपिकाला तो फार आवडला. तिनं आरशात पाहून विचारलं, ‘‘आता मी पण बाई दिसते ना?’’

मग भावना शाळेत गेली. डोळ्यांमुळे पुढच्या बाकावर बसवा आणि परीक्षेत थोडा वेळ वाढवून द्या म्हणाली. शाळेच्या ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं, त्याला डॉक्टरचा दाखला लागेल. डॉक्टर म्हणाले, दाखल्याला शाळेचं पत्र लागेल. शाळा म्हणाली, दाखला आल्याशिवाय पत्र कसं देणार? भावनानं शांतपणे विचारलं, ‘‘म्हणजे हीपण मालिकाच आहे का? दाखला, पत्र, दाखला, पत्र, पुढे काय?’’ साहेब म्हणाले, ‘‘पुढे सोमवारी या. मॅडम केळझरला गेल्या आहेत, गणपतीला.’’

त्या दिवशी घरी येऊन भावना गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि तिथेच पायरीवर बसली. परीक्षा चार दिवसांवर आली होती. ‘ब’ तुकडीचं तिला खरं म्हणजे काही नव्हतं. तिला रात्रंदिवस एकच गोष्ट खात होती. आपल्या लेकरात काहीतरी कमी आहे, आणि ती कमी आपण आई असून आपल्याला ओळखता येत नाहीये. परातीतल्या दाण्यांतला एक खडा जिला दिसतो, तिला स्वतःच्या पोरीतलं दिसू नये?

कपड्यांच्या दोरीवर चिमटे लटकत होते. कागद नको, पेन नको, असं तिच्या मनात आलं. तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर अक्षरं लिहिली, चौकोन फाडले आणि दोरीवर एकेका चिमट्यात एकेक लावलं. क पासून ज्ञ पर्यंत. वाऱ्यावर सगळी मुळाक्षरं फडफडायला लागली. मग तिनं गोपिकाला हाक मारली.

‘‘चल, रेलगाडी. प्रत्येक स्टेशनला हात लाव आणि नाव सांग.’’

गुलाबी चष्मा लावून गोपिका निघाली. ‘‘क! ख! ग!’’ उड्या मारत, हात लावत. च वर्ग गेला, ट वर्ग गेला. ‘‘त! थ! द! ध!’’

आणि तिथे ती थांबली. मान अलगद खाली गेली. उजवा हात वर गेला, कपाळाजवळ काहीतरी चिमटीत धरल्यासारखा करून त्यानं ते पुढे ओढलं, आणि एक चिमटा सोडून ती पुढच्यावर गेली. ‘‘प! फ! ब!’’

भावनाच्या हातातला ओला टॉवेल खाली पडला.

तिनं पोरीला परत ‘त’पाशी आणलं. परत तेच. मान खाली, कपाळावरून काहीतरी ओढायचं, एक चिमटा सोडायचा. केसांचा बॉयकट असलेली आठ वर्षांची पोर, फ्रॉकवर, नसलेला पदर पुढे घेत होती!

सगळा उलगडा एका क्षणात झाला. सरांच्या चाचणीतला ‘प’च्या जागचा ‘फ’, कोरी जागा, डॉक्टरच्या तक्त्यावरचं मोठं अक्षर. गाडी सगळीकडे छान चालत होती. ‘ध’च्या पुढे रस्त्यात खड्डा होता. आणि भावना इतके दिवस गाडीचं इंजिन खोलून बसली होती.

‘‘बेटा, हे मधलं कोणतं राहिलं?’’

‘‘ते म्हणायचं नसतं,’’ गोपिका कुजबुजली. ‘‘ते आबाजी आहेत.’’

खाली आंगणात भागीरथाबाईंचा तुरीच्या सोल्यांचा ढीग अर्ध्यावर आला होता. भावना समोर बसली. सासूला जाब विचारायचा आणि आवाज मात्र चहा विचारल्यासारखा ठेवायचा, हे कौशल्य तिला दहा वर्षांत साधलं होतं.

‘‘आई, गोपिकाला तुम्ही ‘न’ शिकवला नाही का?’’

भागीरथाबाईंचा पदर आपोआप पुढे आला. ‘‘थे अक्षर मी नाई घेत.’’

‘‘पण तुम्ही ‘नाई’ म्हणता की. नळ म्हणता, नवरी म्हणता.’’

‘‘थे शब्दातलं हाय, चारचौघांतलं. मोकळं अक्षर तं त्यायचं हाय नं. बजारात जाऊन पाय. आपल्या भाजीच्या साऱ्या कॅरेटवर लाल पेंटानं काय लिवलं हाय? मी वाचायले शिकली तवा पयलं अक्षर थेच वयखलं, कॅरेटवरचं. वर्गातल्या बाईले बी सांगतलं होतं, बाकी सारे म्हणतो, हे नाई म्हणत. बाई म्हणे, राहू द्या.’’

‘‘अहो, पण गोपिका?’’

‘‘मी तिले म्हटलं, तू म्हण, मी थांबतो. थे बी माह्यासंग थांबाले लागली. आता लेकरू माह्यासाठी थांबलं, तं मी काय तिले पुढे ढकलू?’’ आणि मग, थोड्या दुखावल्या स्वरात, ‘‘अक्षर सोडलं मी. माणूस नाई सोडला.’’

बदाम, तेल, चष्मा, बैठकीतला फ्रिज, नवऱ्याचा अंगठा हे सगळं भावनाच्या डोळ्यांपुढून गेलं. तिनं वैभवला फोन केला. तो इतका हसला की मागून त्याच्या साहेबांचा आवाज आला, ‘‘काय झालं?’’ मग साहेबही हसले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या वर्ध्याला कळलं असावं, असं भावनाला उगाचच वाटत राहिलं.

वाटलं होतं, रोग सापडला म्हणजे औषध सोपं. पण गोपिका ऐकेना. ‘‘आजी म्हणेल तर मी म्हणेन.’’ आमिषं झाली, रागावणं झालं. ‘‘मी एकटीच म्हटलं तर आजीला वाईट वाटेल,’’ असं म्हणून ती आजीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. ज्या पोरीत काहीतरी कमी आहे म्हणून भावना महिनाभर झुरली, तिच्यात हे एवढं जास्तीचं निघालं. ते पाहून भावनाला रडू आलं. पण परीक्षा उद्यावर होती, म्हणून तिनं ते पुढे ढकललं.

शनिवारी दुपारी नानाजी आले. डोक्याला उपरणं, हातात मेथीचं कॅरेट. आंगणात आधीच कमलाबाई, बंडूजी आणि खास तपासणीसाठी आलेले ताराचंद सर बसले होते. नानाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि कॅरेटवरच बसले.

‘‘म्हण नं मंग,’’ ते बायकोला म्हणाले. ‘‘मी परवानगी देतो.’’

‘‘तुमची परवानगी कोणं मांगतली?’’

बंडूजींनी तोडगा काढला, ‘‘त्याच्या जागी दुसरं काही म्हणा. समजा, नळ.’’

‘‘संसार माणसासंग केला, बंडूजी. नळासंग नाई.’’

सर म्हणाले, शास्त्रात अक्षराला दोष नाही. भागीरथाबाई म्हणाल्या, शास्त्राचा नवरा नाई. मग इतका वेळ गप्प बसलेल्या कमलाबाईंनी मांडी बदलली. ‘‘आवो भागीरथाबाई, उखाण्यात तं चालते नं?’’

भागीरथाबाई सोले निवडत राहिल्या. बराच वेळ ओठ नुसते हलत होते. मग त्यांनी परात बाजूला सरकवली, गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या, पदर नीट घेतला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या,

‘‘धामच्या काठी बांधल्या मेथीच्या जुड्या दहा,
नानाजींचं नाव घेतो, पोरी, अक्षर नीट पाहा.’’

गोपिकाचे डोळे चष्म्याएवढे झाले. नानाजी मेथीकडे पाहत होते, जणू ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

‘‘आयकू नाई आलं,’’ ते म्हणाले. ‘‘ट्रक गेला मधात.’’

‘‘कोनता ट्रक?’’

‘‘मोठा होता.’’

गल्लीतून सकाळपासून सायकलसुद्धा गेली नव्हती. पण भागीरथाबाईंनी पुन्हा पदर घेतला, आणि या वेळी गोपिकानंही त्यांच्यासोबत, मोठ्यानं, सबंध उखाणा म्हटला. लगेच भावनानं तिला गच्चीवर नेलं. दोरीवर ‘ध’च्या पुढचा चिमटा आला, तशी पोरगी थांबली, पदर घेतला, उखाणा म्हटला, ‘‘न!’’ म्हणाली आणि पुढे गेली. गाडी ‘ज्ञ’पर्यंत सुखरूप पोचली. भावनाला तेवढं पुरे होतं. तेवढं पुरायला नको होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी परीक्षा. पेपर सुटायच्या आधी गेटवर एक पर्यवेक्षिका बाई आल्या. ‘‘गोपिकाची आई कोण?’’

‘‘मी,’’ म्हणत भावना पुढे आली.

‘‘अहो, तुमची मुलगी पेपर सोडवताना उखाणे घेतेय.’’

‘‘मोठ्यानं?’’

‘‘हळूच घेते, पण सारखे घेते. आता मागच्या बाकावरची मुलं ‘वा वा’ म्हणायला लागली आहेत. मी काय नियम लावू? नियमावलीत उखाणा नाही.’’

गोपिका बाहेर आली ती आनंदात. ‘‘सगळं येत होतं आई! फक्त शेवटचे चार राहिले. ‘न’ खूपदा आला गं.’’

‘‘बेटा, मग नुसतं ‘न’ म्हणायचं ना मनात!’’

‘‘अर्धा उखाणा कोणी घेतं का?’’ गोपिकानं विचारलं. भावनानं पोरीचा चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि दोघींनी गेटवर उभ्या राहून उसाचा रस प्यायला. रसातल्या बर्फाचं पाणी कुठलं असेल, हा विचार तिच्या मनात आला तोवर ग्लास रिकामा झाला होता.

निकाल लागला. चार प्रश्न कोरे, बाकीचे बरोबर. गोपिका ‘अ’ तुकडीत शेवटून दुसरी लागली. ताराचंद सरांनी व्हरांड्यात पेढे वाटले आणि ही आपल्याच क्लासची विद्यार्थिनी असल्याचं सांगितलं. फ्रिज मात्र अजून बैठकीतच आहे.

भागीरथाबाई परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी नानाजींबरोबर पवनारला गेल्या. गुडघा एकदम बरा झाला म्हणाल्या. त्यानंतर आठवडाभरानं, सकाळी भावना पोळ्या लाटत असताना नानाजींचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत. तिच्या हातातलं लाटणं थांबलं. गुडघा? बीपी? विहीर?

‘‘काही नाई झालं, काही नाई,’’ नानाजी घाईघाईनं म्हणाले. मग आवाज एकदम खाली आला. ‘‘मी काय म्हणतो भावना, थे कोडे अस्ते नं, अक्षरायचे... थे तुह्या सासूले सोडवाची सवय लागली हाय. इथं रिकामीच बसते. एखादं सांगतेस का?’’

‘‘सांगते ना बाबा. कोणतं सांगू? सोपं की कठीण?’’

पलीकडे मळ्यातली मोटार बंद केल्याचं ऐकू आलं.

‘‘कसंबी चालते,’’ नानाजी म्हणाले. ‘‘फक्त उत्तर माह्यं आलं पायजे.’’

भावनानं पिठाचा हात ओढणीला पुसला. महिनाभरात पहिल्यांदाच तिनं बोटं न मोजता मालिका रचली.

‘‘घ्या बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘ढ, त, द... पुढे काय, ते त्यांना विचारा.’’